‘उसनं’ म्हणायचं राहून गेलं

विशीत माणूस खोटं बोलला तर लोक त्याला आत्मविश्वास म्हणतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी बोलला तर बायको म्हणते, "आता निस्तरा."

आनंद गावडे खोटं बोलला तेही एकाच शब्दाचं. पुण्याच्या एका कंपनीच्या साहेबांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं, "तुम्हाला रस्ट येतं का?" आणि आनंद म्हणाला, "येतं."

येत कसलं? रस्ट नावाची एक संगणकाची भाषा असते, हे त्याला त्या क्षणी साहेबांकडूनच कळलं होतं. पण त्याच्या आधी त्याच्याच बूटकॅम्पमधल्या, म्हणजे कोडिंगच्या क्लासातल्या, बावीस वर्षांच्या सृष्टीला हाच प्रश्न विचारला होता. ती "नाही येत सर" म्हणून मोकळी झाली आणि साहेबांचा चेहरा पडला. आता पडलेल्या चेहऱ्याचा साहेब आनंदला बघवत नाही. अठरा वर्षं एका वर्कशॉपात स्टोअरकीपर म्हणून काढल्यावर हे अंगात मुरतं. तर साहेब खूश झाले. म्हणाले, "वा. मग तीन आठवड्यांनी, सोमवारी अकरा वाजता, रस्टमध्ये एक छोटा प्रोग्रॅम करून दाखवा. विषय तुमचा तुम्ही ठरवा. चालला, तर घरूनच काम करायचं."

घरूनच काम. या दोन शब्दांत सगळं आलं. वर्कशॉप गेल्या वर्षी बंद पडलं होतं आणि चाकणच्या एका गोडाऊनचं पत्र येऊन पडलं होतं. एक तारखेला हजर व्हायचं, सहा जणांच्या खोलीत एक कॉट मिळणार, आणि काटेवाडीचं घर बघायचं ते रविवारी. राजलक्ष्मी, म्हणजे त्याची बायको, जवळच्या शाळेत शिक्षिका. ती काही नोकरी टाकून चाकणला येऊ शकत नव्हती. ती पत्राबद्दल चकार शब्द बोलली नाही. फक्त पूर्वी पेपर वाचत चहा प्यायची, ती आता पेपर बाजूला ठेवून त्याच्याकडे बघत प्यायला लागली. ते त्याला फार जड जात होतं.

बूटकॅम्प त्यानं नुकताच पुरा केला होता. बारामतीत भिगवण रोडला एका बेकरीच्या वर चार महिने भरायचा. नावावरून राजलक्ष्मीनं पहिल्या दिवशी त्याचे बूट पॉलिश करून ठेवले होते. तिथं सगळी पोरं त्याला ‘काका’ म्हणायची, आणि शिकवणारे सर पोरांपेक्षा लहान असल्यामुळं तेही ‘काका’च म्हणायचे. शेवटी सर्टिफिकेट मिळालं त्यावर नाव होतं ‘कुमारी आनंदी गावडे’. दुरुस्तीसाठी अर्ज ऑनलाइन करायचा होता, आणि ती वेबसाइट मागच्या बॅचच्या पोरांनी प्रोजेक्ट म्हणून बनवलेली असल्यामुळं उघडत नव्हती. म्हणजे कागदोपत्री शिकली ती कुमारी आनंदी. आनंदनं शिकायचं अजून बाकीच होतं.

तो शिकायला बसायचा शेजारच्या शकुबाईंच्या माडीवर. शकुबाई अडुसष्ट वर्षांच्या, घरचा ऊस, गोठ्यात चार गाई, आणि मुलानं बसवून दिलेला इन्व्हर्टर. काटेवाडीत दिवसा वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि आनंदच्या लॅपटॉपची बॅटरी तासाभरात मान टाकायची. बूटकॅम्प सुरू झाला त्याच दिवशी शकुबाईंनी माडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली होती. "बसा वर. हितं कोन त्रास द्यायचं न्हाय तुमाला." भाडं विचारलं तर म्हणाल्या, "आनंदराव, खाली चला, दूध न्यायचंय न्हवं?" पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही.

तर त्या माडीवर आनंद रस्टला भिडला. आता बूटकॅम्पात जी भाषा शिकवली होती ती सोशिक होती. चुकलं तरी निम्म्या वाटेपर्यंत जायची आणि मग आडवी पडायची. ही तशी नव्हे. हिच्यात कंपायलर म्हणून एक प्रकार असतो. तो आधी सगळं लिहिलेलं तपासतो आणि एका जरी जागी शंका आली तरी गाडी स्टँडातून हलू देत नाही. आनंदनं आयुष्यात पुष्कळ कारकून पाहिले होते, पण ते निदान ‘उद्या या’ म्हणायचे. हा तिथल्या तिथं लाल अक्षरात नाकारायचा, आणि वर ‘असं करून बघा’ म्हणून सूचना द्यायचा. अपमान करून वर पाणी विचारणाऱ्याशी भांडणार तरी कसं?

विषय त्यानं घरचाच घेतला होता. स्टोअरचं रजिस्टर. कोणतं हत्यार कोणाला दिलं, परत आलं का. अठरा वर्षांत ज्यानं सही घेतल्याशिवाय एक पाना खिडकीबाहेर जाऊ दिला नाही, त्याला यात अवघड ते काय? पण कंपायलरचं एकच टुमणं. ही वस्तू तुम्ही आधीच देऊन टाकलीत, आता ती तुमची नाही, मग खाली परत तिचं नाव कसं घेता? आनंद माडीवर एकटाच म्हणायचा, "अरे, देऊन कुठं टाकलीय? वापरायला दिलीय बाबा." सूचना सांगायची, अमुक चिन्ह लावा. तो एका जागी लावायचा, की दुसऱ्या तीन जागा लाल व्हायच्या. दोन आठवडे गेले. प्रोग्रॅम एकदाही चालला नाही.

सल्ले मात्र चालू होते. खालच्या आळीला खत-बियाण्याचं दुकान चालवणारे रविराज रोज एक सल्ला फुकट द्यायचे, खतावर चमचा द्यावा तसा. "आनंदराव, हे कोडिंग-बिडिंग आता एआय करतंय. तुमी ड्रोन शिका. उसावर फवारनी. आणि भाषेचं नाव काय म्हनला? रस्ट? म्हंजे गंज? जन्म लोखंडात काढला तुमी, आन् म्हातारपनी गंजाच्या नादी लागता व्हय?" म्हातारपण हा शब्द आनंदला लागला. त्या दिवशी त्यानं युरिया शेजारच्या दुकानातून घेतला. त्याला शेत नाही, गुलाबाच्या दोन कुंड्या आहेत, पण मान राखायचा म्हटलं की काहीतरी करावंच लागतं.

आणि सासरे. सावळारामतात्या, मुक्काम बावडा. फोनवर त्यांनी विचारलं, "जावईबापू, सध्या काय शिकताय म्हनं?" आनंदनं सोपं करून सांगायचं म्हणून सांगितलं, "गंज, तात्या."  मग तात्या कौतुकानं म्हणाले, "कडब्याची? बारामतीला गंज रचायचा क्लास निघाला व्हय? शेतीला दिवस बरं आलं म्हनायचं." आनंदनं खुलासा केला असता, पण तेवढ्यात रेंज गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी शकुबाई माडीचा जिना चढून वर आल्या. पायांची तक्रार असलेली बाई जिना चढून आली म्हणजे काम नाजूक असणार.

"आनंदराव, माझं पितळी पातेलं धाडा बरं घरनं. रविवारी नातसुनेचं डोहाळजेवान हाय."

दिवाळीनंतर आनंदकडं सत्यनारायण झाला, तेव्हा प्रसादाच्या शिऱ्याला त्यांचं मोठं पातेलं आणलं होतं. ते परत द्यायचं राहिलं होतं, इतकंच. "आत्ता आणतो मावशी," म्हणून तो घरी गेला. राजलक्ष्मी ओट्याशी उभी होती. पातेलं म्हटल्याबरोबर तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"ते इंदापूरला आहे. उत्कर्षाकडं. तिची वास्तुशांत होती ना."

उत्कर्षा म्हणजे राजलक्ष्मीची मामेबहीण. फोन लावला. उत्कर्षा म्हणाली, "अगं, ते मी बावड्याला तात्यांकडं दिलं, हुरड्याच्या वेळी." तात्यांना फोन लावला. तात्या म्हणाले, "त्याचं जरा अवघड झालंय. समक्ष या."

आनंद खाली बसला. ज्या माणसानं अठरा वर्षांत एक पाना हरवला नाही, त्याच्या घरातून दुसऱ्याचं पातेलं तालुका ओलांडून गेलं होतं, आणि कुणाची सही नाही. तो परत शकुबाईंकडं गेला आणि त्यानं खरं ते सांगितलं. एका महिन्यात दोनदा खोटं बोलायची त्याची ऐपत नव्हती. शकुबाई रागावल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "दुसरं काय बी जाऊ द्या, आनंदराव. तेवढं न्हाय जाऊन चालायचं." आणि भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. ते बघून त्याला सोमवारची परीक्षा आठवेना. त्यानं ठरवलं, उद्या सकाळची पहिली एस.टी.

शनिवारी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून तो निघाला. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं गाडी इंदापूरला पोचली. तिथं उत्कर्षानं जेवल्याशिवाय सोडलं नाही, लॅपटॉप मात्र चार्ज करून दिला. बावड्याला पोचला तर तात्यांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं. आनंदला वाटलं, कोणी गेलं की काय.

"हे आमचं जावई," तात्या गर्दीला सांगत होते. "बारामतीला गंजीचा कोर्स केलाय. आता बघा नव्या पद्धतीची गंज."

कडबा समोर पडलेला, माणसं टक लावून बसलेली, आणि सासऱ्याचा चेहरा फुललेला. फुललेला चेहरा पाडणं आनंदला जमत नाही, हे मागं आलंच आहे. त्यानं पँट दुमडली. संगणकाचा माणूस म्हणून त्यानं पेंढ्या अगदी काटकोनात लावल्या. चौथा थर होईपर्यंत लोक मान हलवत होते. पाचव्या थराला तो स्वतः वर चढला, आणि नव्या पद्धतीची गंज त्याच्यासकट उत्तरेकडं झोपली. कोणी हसलं नाही. जावयाला हसत नाहीत. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "कोर्सची फी परत मिळती का बघा." कडब्यात बसून आनंदला वाटलं, कंपायलर बरा, तो एकट्याचा अपमान एकांतात करतो.

केसांतली पानं झाडत त्यानं पातेल्याचा विषय काढला. जावयानं सासरवाडीत भांडं मागायचं म्हणजे नाक कापून घ्यायचीच गोष्ट, पण काय करणार. तात्या कानाशी येऊन म्हणाले, "अक्कानं धरून ठिवलंय. तिला तुमीच बोला."

अक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण, द्वारकाबाई. वय शहात्तर. पडवीत बसल्या होत्या आणि पातेलं शेजारी पालथं घातलं होतं, वर हात ठेवून.

"आत्याबाई, हे पातेलं आमच्याकडून आलं."

"कुनाकडनं बी येऊ दे. नाव वाच." त्यांनी पातेलं फिरवलं. काठाखाली, काजळी खरवडून चकचकीत केलेल्या जागी, कोरलेली अक्षरं होती. सौ. द्वारकाबाई, बावडा. "माझ्या लग्नातलं हाय हे. सव्वीस वर्सं झाली, बघितलं नव्हतं."

आनंद त्या अक्षरांकडं बघत राहिला. "पण मी तर हे काटेवाडीहून, शकुबाईंकडून आणलं होतं."

द्वारकाबाईंचा पातेल्यावरचा हात थांबला.  मग हळू आवाजात म्हणाल्या, "शकी? बरी हाय व्हय ती?"

मग सगळं बाहेर आलं. द्वारकाबाईंचे यजमान साखर कारखान्यात होते, तेव्हा त्या काटेवाडीत शकुबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. यजमान रिटायर झाले आणि बिऱ्हाड बावड्याला हलायचं ठरलं, त्याच आठवड्यात शकुबाईंकडं नातवाचं बारसं. पातेलं तिथं गेलं, टेम्पो इकडं आला. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात, म्हणून शकुबाई चांगलं काहीतरी घालून द्यायला थांबल्या. मग एक वर्ष झालं, मग लाज वाटायला लागली, मग त्या यायच्याच बंद झाल्या.

"आन् तुम्ही का नाही गेलात?" आनंदनं विचारलं. "राजलक्ष्मी चार वर्षं बोलावतीय तुम्हाला."

"मी गेले असते तर तिला वाटलं असतं, पातेलं मागायला आली. म्हनून गुडघं दुकत्यात म्हनून सांगायची." आणि त्या एकदम जावयावर घसरल्या. "पर मला सांगा, तुमच्या बायकूनं उत्कर्षाला देताना काय म्हटलं?"

आनंदनं तिथल्या तिथं फोन लावला. राजलक्ष्मी म्हणाली, "काय म्हणणार? घेऊन जा, म्हटलं."

"झालं तर मग," द्वारकाबाई म्हणाल्या. "घेऊन जा म्हटलं की गेलं. ती वस्तू तिची झाली, तिनं फुडं कुनाला बी द्यावी. देताना ‘उसनं’ म्हनायचं असतं. एवढा येक शब्द. उसनं म्हटलं की वस्तू फिरती, पर ऱ्हाती तुमचीच. शिकलेली मान्सं तुमी, येवढं कळंना?"

आनंद ताडकन उठला. द्वारकाबाईंना वाटलं, राग आला. राग कसला? तीन आठवडे कंपायलर लाल अक्षरांत जे सांगत होता ते हेच होतं. त्यानं रजिस्टरात प्रत्येक हत्यार देताना नुसतं ‘घेऊन जा’ म्हटलं होतं. ते जे चिन्ह होतं, दुकानाच्या पाट्यांवर ‘अँड सन्स’ लिहिताना मधे काढतात ते वेटोळं, ते म्हणजे ‘उसनं’. आणि ते त्यानं एका जागी लावून सोडून दिलं होतं. जिथं जिथं वस्तू हातातून जाते, तिथं तिथं म्हणायला हवं होतं. त्यानं वाकून द्वारकाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या गडबडल्या. पातेल्यासाठी एवढं कोणी करत नाही.

"देते मी पातेलं," त्या म्हणाल्या. "पर मी संगं येनार."

त्यांनी पातेल्यात घरचे तांदूळ भरले, वर फडकं बांधलं, आणि दोघं एस.टी.त चढले. कंडक्टरनं द्वारकाबाईंचं कार्ड बघितलं. पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट. मग त्यानं पातेल्याकडं बघितलं. "ह्याला लगेज पडंल."

"आत्याबाई फुकट आणि पातेल्याला तिकीट?" आनंद म्हणाला.

"पातेल्याचं वय किती?" कंडक्टरनं विचारलं.

"माझ्याच लग्नातलं हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "साठ." कंडक्टर म्हणाला, पंधरा वर्सं कमी पडत्यात, आणि तिकीट फाडलं.

इंदापूर सुटल्यावर आनंदनं पातेलं मांडीवर घेतलं, त्यावर लॅपटॉप उघडला आणि कामाला लागला. गाडी आदळायची तेव्हा बोट भलतीकडं पडायचं, पण काय करायचं ते आता ठाऊक होतं. पाना देताना, उसना. ड्रिल मशीन देताना, उसनं. एकेका लाल जागेला तो मनातल्या मनात तो शब्द म्हणत गेला. निमगाव केतकी गेलं तेव्हा अकरा चुका होत्या. वालचंदनगरच्या फाट्याला चार. भवानीनगरच्या अलीकडं बॅटरी मान टाकायच्या बेतात असताना पडद्यावर एकही लाल अक्षर राहिलं नाही, आणि रजिस्टर चालू झालं. पाना दिला, पाना परत आला. आनंदला हुंदका आला. द्वारकाबाईंनी बाहेर बघतच पदराचं टोक त्याच्यापुढं केलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी विचारलं नाही.

शकुबाई दारातच उभ्या होत्या. आधी त्यांना पातेलं दिसलं आणि मग ते धरून कोण आलंय ते. त्या उंबऱ्याला टेकल्या.

"अक्का, मी आनून देनार हुते वो. खरंच देनार हुते."

"काय आनून देनार हुतीस?"

"पातेलं. तुमचं हाय ते. नाव हाय की तुमचं."

द्वारकाबाईंनी तांदळानं भरलेलं पातेलं शकुबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "नाव असंल. बारशाला देताना मी काय म्हनले हुते, आठव. उसनं म्हनले हुते?"

शकुबाई आठवू लागल्या. सव्वीस वर्षं मागं जायला जरा वेळ लागतो. "न्हाय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा, म्हनला हुता."

"मग? तवापासनं तुजंच हाय ते. येडी का खुळी तू?"

दोघी रडल्या, आणि मग रडत रडतच तांदूळ किती जणांना पुरतील यावर वाद घालायला लागल्या. डोहाळजेवण झालं. द्वारकाबाई आठ दिवस हलल्या नाहीत. गुडघ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

सोमवारी अकरा वाजता प्रोग्रॅम चालला. साहेबांनी उलटसुलट प्रश्न विचारले, वस्तूची मालकी कधी जाते आणि कधी राहते म्हणून. आनंदनं पुस्तकातली व्याख्या सांगायला सुरुवात केली, ती अडली, मग त्यानं पातेल्याची हकिगतच सांगितली. शेवटी हेही सांगितलं, की तीन आठवड्यांपूर्वी ‘येतं’ म्हणालो ते खोटं होतं. साहेब हसले. म्हणाले, "आता येतंय ना? तीन महिने उमेदवारीवर घेऊ, मग कायम. घरूनच काम करा." राजलक्ष्मीनं चाकणचं पत्र घेतलं, त्याची घडी घातली आणि हलणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवली. संध्याकाळी तिनं चहा पेपर वाचत प्यायला. इतकं बरं त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं.

कंपनीनं लॅपटॉप दिला, चार तास चालणाऱ्या बॅटरीचा. म्हणजे आता माडीची गरज उरली नाही. फुकटाची वस्तू जास्त दिवस ठेवू नये, हा अठरा वर्षांचा शिरस्ता. आनंदनं एका वाटीत पेढे घातले, पेढ्यांवर माडीची किल्ली ठेवली, आणि तो शकुबाईंच्या गोठ्यात गेला.

"मावशी, तुमची किल्ली. फार उपकार झाले."

शकुबाईंनी धार काढता काढता मान वळवली. वाटीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला. किल्लीला हात लावला नाही.

"आनंदराव," त्या म्हणाल्या, "किल्ली देताना मी उसनी म्हनले हुते व्हय?"